मंगळवारी लेणी पाहिली म्हणे!

ऐकलंत का? करमाडात यंदा नवंच खूळ शिरलंय. अंगावरची हळद उतरली नाही तोच नवी जोडी शहर बघायला निघते. दोघंच! सोबत नणंद नाही, धाकटा दीर नाही, झालंच तर डब्याची पिशवीसुद्धा नाही. आमच्या वेळी नवरा दहा पावलं पुढं चालायचा आणि मागं वळून बघितलं तर लोक त्याला बाईलवेडा म्हणायचे.

घरातून निघताना दोघं कशी गोगलगाय! शेंद्र्यापर्यंत गाडीवर दोघांच्या मधे पर्स. चिकलठाण्याचं विमानतळ मागं पडलं की पर्स पाठीला आणि सिडकोचा उड्डाणपूल येईस्तोवर हात नवरदेवाच्या खांद्यावर. आम्ही काही पाळतीवर नव्हतो हो. शेजारणीच्या भाच्याची रिक्षा नेमकी मागं होती, त्याला तो बिचारा काय करणार?

पुढचं तर सांगायलाही लाज वाटते, म्हणून सगळं सांगते. पैठण गेटला गाडी लावून जोडी पायी गुलमंडीवर. समोरून केळीची हातगाडी, उजवीकडून रिक्षा, डावीकडून एका स्कूटीवर तिघं, मधोमध रवंथ करत उभी गाय. इकडं रानातून ट्रॅक्टर सरळ रिव्हर्समध्ये काढणारा आपला गडी तिथं रस्ता ओलांडेना! एक पाय पुढं, दोन मागं. शेवटी सूनबाईनं त्याचं मनगट धरलं, दुसरा हात वर करून रिक्षा थांबवली आणि नवऱ्याला पलीकडं नेलं. भर बाजारात! पलीकडं गेल्यावरही मनगट सोडलं नाही म्हणे. बांगड्यांचा भावही तिनंच पाडला. हा पिशवी धरून उभा.

दोष पोरांचा म्हणावा, तर शहरही सामील आहे. मलिक अंबरानं १६१० च्या सुमारास खडकी वसवली, औरंगजेबाच्या काळात दरवाजे वाढत गेले, आता बावन्न दरवाजांचं शहर म्हणून मिरवतं. पण गर्दीला वाट कुणी ठेवली नाही. बरं, करमाडात वाण्याकडं जाऊन यायचं तरी सात जणी विचारतात, कुठं निघालीस गं? गुलमंडीत धक्का मारणारासुद्धा नाव विचारत नाही. नव्या जोडीला याचीच चटक लागलीय. एकांत मिळतो म्हणे. एवढ्या माणसांत!

मग बीबी का मकबरा. तिथं फोटो काढल्याशिवाय लग्न कायदेशीर होत नाही, असाच समज दिसतो. बरं, तो बांधला दिलरस बानूसाठी, १६५७ साली ती गेल्यावर. पण बांधणारा कोण? कुणी म्हणतं नवरा औरंगजेब, कुणी म्हणतं लेक आझमशाह. सूनबाई पहिल्या बाजूच्या, सासूबाई दुसऱ्या. “लेकानं आईसाठी बांधलाय, तिथं हातात हात कसला घेता?” असं सासूबाईंनी फोटो बघून विचारलं. घरात दोन दिवस इतिहास पेटला होता. ताजमहालाच्या कारागिराच्या मुलानं, अताउल्लानं, हे काम केलं. खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये झाला म्हणतात. संगमरवर घुमटाला आणि खालच्या भागात, बाकी गिलावा. हे ऐकून सासरेबुवा एवढंच म्हणाले, “लग्नातल्या मांडवासारखंच की!”

आणि उस्मानपुऱ्यातल्या तारा पान सेंटरचं ते कोहिनूर पान! खास नवदांपत्यांसाठी, किंमत पाच हजार रुपये. पाच हजारांत आमच्याकडं म्हशीची महिन्याची सरकी येते. आमच्या जोडीनं साधंच मघई खाल्लं असं ती सांगते. एकच पान दोघांनी खाल्लं असं रिक्षावाला सांगतो. आता विश्वास कुणावर ठेवायचा?

पण कळस ऐका. मागच्या आठवड्यात जोडी वेरूळला गेली. कारण एकदम पवित्र, घृष्णेश्वराचं जोडीनं दर्शन. सासूबाईंनी नारळ दिला, वर ओटीचं सामानही. नवरदेवानं सदरा काढून उघड्या अंगानं गाभाऱ्यात दर्शन घेतलं, इथवर सगळं ठीक. दहाला मंदिरातून बाहेर पडले, घरी आले दिवेलागणीला. एवढा वेळ कुठं होतात, तर म्हणे कैलास लेणं बघत बसलो, हत्ती मोजले, भान राहिलं नाही. सासूबाईंनीही मान डोलावली, बिचाऱ्या भोळ्या.

वार कोणता होता माहितीय? मंगळवार. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात!

मी सासूबाईंना अजून बोलले नाही हं. त्या बाजारातून आल्या की बघू.