उताऱ्यांवर जगलेला राजा

प्रबंध लिहिणाऱ्याला विषय मिळतो, मार्गदर्शक मिळतो, क्वचित विचारही सुचतो. गाडी अडते ती स्वल्पविरामापाशी. आडनाव आधी की नाव, वर्ष कंसात की बाहेर, पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत की पलीकडे? हे नियम कुणा रिकामटेकड्या कारकुनाने केले असावेत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. निदान वाशीमकरांनी तरी तसे म्हणू नये. वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. चौथ्या शतकात इथली गादी स्थापणाऱ्या सर्वसेनाने कृष्णाने सत्यभामेसाठी पारिजातक आणल्याच्या कथेवर ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. राज्य गेले, पोथीही गेली. उरले ते इतरांनी घेतलेले उतारे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने कवी आणि काव्य दोघांचीही नावे घेतली. अकराव्या शतकात धारच्या भोजाने गाथा भरघोस घेतल्या, पण नाव सांगताना राजाचा हात आखडला. मग विसाव्या शतकात वि. म. कुलकर्णींसारख्या विद्वानांना पारिजातक कुठे आला, सत्यभामा कुठे रुसली, अशा खुणांवरून वाशीमच्या गाथा ओळखत बसावे लागले. भोजाने वाचवलेली शाई त्यांनी सव्याज खर्च केली.

यावर कुणी म्हणेल, आनंदवर्धनाने तरी पृष्ठक्रमांक कुठे दिला होता? बरोबर. कंस गोल की चौकोनी हा पंथभेद आहे. धर्म एवढाच की शब्द कुणाचे, कुठले आणि ते कुठे संपतात हे वाचणाऱ्याला कळावे. दुसरा आक्षेप असा, की आता सगळे संगणकात साठते, हरवायची भीती कसली? पण मोबाईलवर फिरणाऱ्या निम्म्या सुविचारांखाली वपुंचे नाव असते. भोजाने नाव गाळले, आपण भलतेच लावतो. गाळलेले नाव कुणीतरी शोधू लागतो. भलते नाव दिसले की शोधच थांबतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधाच्या इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. काहींनी तो आपला हक्काचा कोटा समजला आहे. खरे तर नाव देऊन घेतलेला उतारा त्या मोजणीतून वगळलाच जातो. म्हणजे चोरीपेक्षा सचोटीत सूट जास्त आहे. मात्र एक धोका आहे. ज्याचे त्याला चोख परत केल्यावर प्रबंधात आपले किती उरते, हे सगळ्यांनाच दिसते. स्वल्पविरामावरचा राग मुळात त्याचाच असावा.