प्रतिज्ञेतील एक गंभीर त्रुटी

प्रति,
कै. पैडिमरी वेंकट सुब्बाराव,
माजी जिल्हा कोषागार अधिकारी, विशाखापट्टणम
(मुक्काम : सध्या असाल तिथे)

स.न.वि.वि.

साहेब, मी वेरूळचा. लेणी दाखवणे हा माझा धंदा. माझी पोरगी इथे चौथीत आहे आणि रोज परिपाठात उजवा हात समोर धरून तुमची प्रतिज्ञा म्हणते. हात भरून आला की पुढच्या मैत्रिणीच्या दप्तरावर टेकवते, पण म्हणते. तुम्ही ती 1962 साली, चीनच्या आक्रमणाच्या वर्षी, तेलुगूत लिहिलीत. पुढच्या वर्षी विशाखापट्टणमच्या शाळेत ती म्हटली गेली आणि 26 जानेवारी 1965 पासून देशभर लागू झाली. साठ वर्षे उलटली तरी तिच्यातली त्रुटी कुणी काढली नाही, म्हणून शेवटी मलाच लेखणी उचलावी लागली. तुम्ही कोषागारातले, लोकांच्या बिलांवर त्रुटी काढण्यात तुमचे आयुष्य गेले. तेव्हा राग मानणार नाही.

त्रुटी अशी, की तुमच्या प्रतिज्ञेत देव नाही.

देश आहे, देशातली माणसे आहेत, परंपरा, पालक, गुरुजन, वडीलधारे, सगळे आहेत. साऱ्यांना भाऊबहीण करून टाकल्यामुळे 'मग लग्न कुणाशी करायचं?' हा विनोदही तुम्ही सातवी-आठवीच्या वर्गांना पिढ्यानपिढ्या पुरवलात. पण ईश्वर, भगवंत, अल्ला, कुणाचा पत्ता नाही. साध्या खरेदीखतालाही दोन साक्षीदार लागतात, आणि तुम्ही कोट्यवधी पोरांकडून बिनसाक्षीची शपथ घेववलीत.

तुम्हाला माहीत नव्हते म्हणावे तर तसेही नाही. तुमचे गाव अन्नेपर्ती, जिल्हा नलगोंडा. म्हणजे तुम्हीही आमच्यासारखीच निजामाची रयत. देशभक्तीत देव कसा घालावा याचा नमुना तुमच्या डोळ्यांसमोर होता. निजामाच्या राज्यगीतात जगाच्या निर्मात्याकडे मागणे होते, की हे राज्य अनंतकाळ टिकव आणि उस्मानला सर्व वैभवासह सुखरूप ठेव. मराठी, तेलुगू, कानडी, सगळी पोरे शाळेत ते उर्दूतून म्हणत. आमच्या आजोबांच्या पिढीला म्हातारपणीही ते पाठ होते. देव होता, राजा होता, अनंतकाळ होता. कशाला म्हणून कमी नव्हते. 13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा आत शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने हात टेकले. अनंतकाळ पाच दिवसांत आटोपला. पण यात देवाचा काय दोष? पोरांनीच मनापासून म्हटले नसणार.

पोरे होतीच तशी. वेरूळपासून तीसेक किलोमीटरवर, औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांनी 1938 साली 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला. वरून मनाई आली. लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोचले, शेकडो मुलांना काढून टाकले. त्यांतली बरीच नागपूरला जाऊन शिकली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. सरकार 'म्हणा' म्हणत होते ते ओठांवर बळेच यायचे आणि 'म्हणू नका' म्हणत होते ते थांबायचे नाही. देशभक्ती फोफावायची असेल तर तिच्यावर बंदी घालावी, हा खरे तर आमच्या मराठवाड्याचा अनुभव. पण सरकारला हे कोण सांगणार? 2025 मध्ये त्या गीताला 150 वर्षे होत होती म्हणून 31 ऑक्टोबर ते 7 नोव्हेंबर शाळाशाळांत ते संपूर्ण म्हणावे, असा आदेश राज्याच्या शिक्षण विभागाने काढला. संपूर्ण, म्हणजे 1937 साली काँग्रेसने बाजूला ठेवलेली देवीच्या स्तुतीची कडवीसुद्धा. ज्या गाण्यासाठी पोरांनी कॉलेज सोडले, त्याच गाण्यासाठी आता परिपत्रक लागते. याला प्रगती म्हणतात.

असो. दुरुस्तीचा मसुदा मी तयार केला आहे. सुरुवातीला नुसते 'ईश्वराला स्मरून' एवढे घालायचे. सोपे वाटले. मग सवयीने डोंगराकडे पाहिले आणि लेण्यांची हजेरी घेतली. 1 ते 12 बौद्धांची. सृष्टी निर्माण करणारा ईश्वर त्यांना मान्य नाही. 30 ते 34 जैनांची. त्यांनाही नाही. म्हणजे 34 पैकी 17 लेणी पहिल्याच फटक्यात गैरहजर! बरोबर निम्मी. उरलेली 17 आपली म्हणावीत, तर पंधराव्या लेण्याच्या माडीवर शंकर एका बाजूची भिंत धरून बसलेले आणि विष्णू दुसऱ्या बाजूची. कुणाचे नाव आधी घ्यायचे? खाली घृष्णेश्वर. पलीकडे खुलताबादेत सुफींचे दर्गे, आणि तिथेच भद्रा मारुती झोपलेला. दहाव्या लेण्यात तर मोठाच घोटाळा आहे. बसलेत बुद्ध, आणि सुतार मंडळी त्यांना विश्वकर्मा म्हणून पुजत आली. बुद्धांनी कधी तक्रार केली नाही, सुतारांचेही काही अडले नाही. एवढ्या मोठ्या डोंगरात शतकानुशतके छिन्नी चालली. पण 'आधी आमची प्रार्थना म्हण, मग दगड फोड' असा एकही शिलालेख मला आजवर सापडलेला नाही. जुन्या लोकांना शिस्त नव्हती, दुसरे काय.

घटना समितीनेही निराशा केली. 17 ऑक्टोबर 1949 रोजी ह. वि. कामतांनी उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी अशी सूचना मांडली. मतदान झाले. बाजूने 41, विरुद्ध 68. देव मतदानात हरल्याची नोंद जगात आणखी कुठे असेल तर कळवावे. बरे, तिथेही तोडगा काढला तो मोठ्यांसाठी. मंत्री, आमदार, न्यायाधीश यांना शपथ ईश्वरसाक्ष घेता येते, नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येते. कोर्ट तर त्याहून सैल. 1969 च्या शपथ अधिनियमाप्रमाणे बारा वर्षांखालच्या साक्षीदाराला शपथेचा अर्थ कळत नाही असे कोर्टाला वाटले, तर शपथेवाचूनच त्याची साक्ष घेता येते. म्हणजे खुनाच्या खटल्यात पोराला सवलत आहे. ती परिपाठात मात्र देऊ नये. चौथीतल्या पोरीला दोन पर्याय दिले तर ती विचार करायला लागेल.

एक कायदेशीर अडचण मात्र आहे. नाशिकचे शिक्षक संजय साळवे यांनी शाळेच्या प्रार्थनेत हात जोडले नाहीत. शाळेने वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले, की हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही. घटनेचे 28 वे कलम आहेच : सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेची सक्ती नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. तेव्हा प्रतिज्ञेत देव आला की गुरुजींनी निवडणुकीच्या याद्या आणि खिचडीचा हिशेब बाजूला ठेवून घरोघर संमतिपत्रे गोळा करायची. ज्या घरून 'नाही' येईल ती पोरे मैदानावर वेगळी उभी करायची. बौद्धवाड्यातली, मुसलमानांची, एखादे नास्तिक मास्तराचे पोर. सगळे भाऊबहीण असल्याचे रोज सकाळी म्हणायचे आणि त्यासाठी रांगा दोन लावायच्या. माझी पोरगी कुणाच्या दप्तरावर हात टेकवते तेही त्या निमित्ताने कळेल.

अमेरिकेने आपल्याआधी हे करून पाहिले आहे. तिथली प्रतिज्ञा 1892 साली फ्रान्सिस बेलामींनी लिहिली. ते पेशाने धर्मोपदेशक. तरी त्यांनी तीत देव घातला नाही. तो घातला 1954 मध्ये राजकारण्यांनी, रशियाशी वैर ऐन भरात असताना. पाद्र्याला जे सुचले नाही ते पुढाऱ्यांना सुचले, यावरून आपल्याकडे ही कामगिरी कोण पार पाडील याचा अंदाज यावा.

माझा मसुदा अद्याप 'ईश्वराला' या शब्दापाशीच अडला आहे. तुम्ही तो शब्द का घातला नाहीत, हे मला आता थोडेफार कळू लागले आहे. त्यामुळे त्रुटी तूर्त मागे घेतो.

कळावे,
आपला,
वेरूळचा एक पालक

ता. क. : तुमची प्रतिज्ञा सगळ्या राष्ट्राची झाली हे तुम्हाला बराच काळ ठाऊक नव्हते, नात पाठ्यपुस्तकातून वाचत असताना ती तुमच्या कानावर पडली, असे सांगतात. म्हणून पोरीचे पुस्तक उघडून पाहिले. प्रतिज्ञा सुरुवातीलाच आहे, खाली नाव नाही. बालभारतीने पुढच्या आवृत्तीत 'पैडिमरी वेंकट सुब्बाराव' एवढे तीन शब्द तिथे छापावेत.