पंखा बंद, क्विलिंग सुरू

ऑक्टोबरच्या उकाड्यात नालासोपाऱ्याच्या वर्गात ‘पंखा बंद करा’ म्हणणारं माणूस एक तर वेडं असतं, नाही तर सातवीला क्विलिंग शिकवत असतं. ६० मुलं, बाकांवर ५ मिलिमीटर रुंदीच्या रंगीत कागदी पट्ट्या आणि डोक्यावर गरगरणारा पंखा, हे गणित जमत नाही. पंखा चालू ठेवला की चौथ्या बाकावरचा मोराचा पिसारा पहिल्या बाकावरच्या डब्यात उतरतो. बंद केला की घामट बोटांनी कागद मऊ पडतो. मग उपाय एकच उरतो, वीज जाण्याचा. वीज गेल्यावर मनातून सुखावणारी या शहरात एकच व्यक्ती असते, चित्रकलेच्या बाई.

क्विलिंगची कृती सांगायला सोपी. अरुंद पट्टी काडीवर घट्ट गुंडाळायची, थोडी सैल सोडायची, टोक चिकटवायचं आणि चिमटीत धरून आकार द्यायचा. एका बाजूने चिमटलं की थेंब, दोन्ही बाजूंनी चिमटलं की डोळा, चार ठिकाणी चिमटलं की चौकोन. पट्टीला आधी कात्रीने बारीक झालर करून गुंडाळली की फूल. बाई याला ‘कॉइल’ म्हणतात, वर्ग ‘चकली’ म्हणतो, आणि मधल्या सुट्टीच्या आधीचा तास असेल तर वर्गाचंच खरं वाटतं.

या कलेचा जन्म मात्र अत्यंत शांत वातावरणात झाला. काही शतकांपूर्वी फ्रान्स-इटलीच्या मठांमधल्या धर्मभगिनी पुस्तकांच्या सोनेरी कडांची कातरणं गुंडाळून संतांच्या अवशेषांच्या पेट्या सजवत. सोन्याचांदीचं तारकाम परवडत नव्हतं, म्हणून कागदाचं. कटकची चांदीची तारकशी पाहिलेल्याला हे नातं लगेच ओळखू येईल. पुढे अठराव्या शतकात ही कला इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांतल्या बायकांनी उचलली. जेन ऑस्टिनच्या १८११ सालच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ कादंबरीत एका लाडावलेल्या पोरीसाठी कागदाच्या गुंडाळ्यांची टोपली करत बसण्याचा प्रसंगच आहे. थोडक्यात, धर्मभगिनींकडे मौन होतं, इंग्रज बायकांकडे अख्खी दुपार होती. बाईंकडे ३५ मिनिटं आहेत. त्यातली काही हजेरीत जातात, काही पट्ट्या वाटण्यात, आणि उरलेली पुढच्या संवादात.

“बाई, माझी सुटली.”

“परत गुंडाळ.”

“बाई, ह्याने माझी निळी घेतली.”

“बाई, काडी नाकात घालतोय हा!”

“बाई, आता पंखा लावू?”

सामानाचंही एक शास्त्र आहे आणि ते बहुतेक ठेचा खाऊनच कळतं. पतंगी कागद गुंडाळीत उभाच राहत नाही. घोटीव कागद दिसायला झकास, पण एका बाजूने रंगीत आणि दुसऱ्या बाजूने पांढरा. दुकानातली पट्ट्यांची तयार पाकिटं उत्तम असतात, पण ती ६० पोरांना पुरवायची म्हणजे बाईंचाच पगार गुंडाळावा लागेल. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी रंगीत असलेला ए-फोर कागद बरा. तो लांबीच्या दिशेने कापला की ५ मिलिमीटरच्या बरोब्बर ४२ पट्ट्या निघतात. कागद कापण्याचं यंत्र असलेल्या एखाद्या कचेरीत पालकांची ओळख असेल तर उभ्या पट्ट्या फुकटही मिळतात, फक्त त्यांवर कुणाचं गोपनीय पत्र नसावं. खाचेच्या सळईऐवजी टोकाला चिरलेली उदबत्तीची काडी चालते. सगळ्या गुंडाळ्या एका मापाच्या व्हाव्यात म्हणून गोल साचा लागतो, तिथे बाटलीची झाकणं आणि धाकट्या बहिणीच्या बांगड्या कामाला येतात.

आणि फेविकॉल. १९५९ पासून देशाची लाकडं जोडणाऱ्या या गोंदाचा खरा उपयोग तळहातावर फासून, वाळवून, साप कात टाकतो तसा सोलून काढणे हा आहे, यावर शाळकरी मुलांचं पिढ्यान् पिढ्या एकमत आहे. बाई सांगतात, काडीच्या टोकावर मोहरीएवढा घ्या. वर्गात मोहरी कुणी पाहिलेली नसावी, कारण थेट सुपारीएवढा निघतो.

सुरुवातीला बाईंचा असा समज असतो की हे नाजूक काम मुलींना जमेल. तो फार टिकत नाही. संक्रांतीला फिरकीवर मांजा गुंडाळण्यात तरबेज असलेला शेवटच्या बाकावरचा मुलगा सगळ्यांत घट्ट आणि सारखी गुंडाळी करतो, कारण ताण कुठे द्यायचा आणि कुठे सोडायचा हे त्याच्या बोटांना आधीच माहीत असतं. निबंधाच्या वहीतलं त्याचं अक्षर मात्र विचारू नये.

शाळाशाळांतून क्विलिंग वाढायला सरकारचाही हातभार लागला. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबरोबर थर्मोकोलवरही बंदी आली. चिमाजी आप्पांना वसईचा किल्ला घ्यायला १७३९ साल उजाडावं लागलं होतं. प्रदर्शनातले थर्मोकोलचे वसई किल्ले एका अधिसूचनेने पडले. त्यांच्या जागी कागद आला.

कागद आला, पण नक्षी कुठून आली? मोबाइलवरून. म्हणून प्रत्येक शाळेत तोच मोर आणि नाताळात तीच हिमकणांची रांग. अर्नाळ्याच्या पोराने बर्फ पाहिला आहे तो मासळीवर घालायचा, आणि त्याला सहा टोकं नसतात. खरं तर पालघर जिल्ह्यातल्या मुलांना इतक्या लांब जायची गरजच नाही. वारली चित्रांत गोल, त्रिकोण, चौकोन एवढ्यावर सगळा संसार उभा राहतो. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण झाले की माणूस तयार. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी तर आतून बाहेर उलगडत जाणारी गुंडाळीच असते. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांना याच चित्रांसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. क्विलिंगच्या पट्टीने तारपा नाच करून पाहावा. मोरापेक्षा सोपा जातो, शिवाय शेजारच्या शाळेत नसतो.

पालकांचा प्रश्न वेगळाच असतो, “याला मार्क किती?” इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा पास झाल्यावर दहावीला वाढीव गुण मिळतात. क्विलिंगला टाळ्या मिळतात. उच्च प्राथमिक शाळेत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. निदेशक अंशकालीन चालेल, फेविकॉल मात्र पूर्ण वेळ घेऊनच वाळतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला १० दिवस दप्तराविना सुचवले आहेत. ते सलग मिळाले तर सोमवारी चिकटवलेला थेंब मंगळवारी जागेवर सापडेल. सध्या तो चाचणी परीक्षा जवळ आली की सापडत नाही, कारण तास गणिताच्या बाईंनी मागून घेतलेला असतो.

त्यामुळे उरलेलं काम घरी जातं. घरून ते सकाळच्या विरार लोकलच्या महिला डब्यात जातं. तिथे एरवी भाजी निवडणारे हात अंधेरीपर्यंत अर्धा पिसारा पुरा करतात. काम अप्रतिम होतं, गुंडाळ्या सारख्या येतात, गोंद कुठे दिसत नाही. बाईंना पाहताक्षणी कळतं, आणि त्या काही बोलत नाहीत.

तेव्हा वसई-विरारच्या पालकांना एवढीच विनंती: प्रदर्शनात मोरासमोर फोटो काढून झाला की पोराच्या हातात एक पट्टी आणि एक काडी द्यावी आणि समोर उभं राहून थेंब करायला सांगावं. जमला, तर बाईंना जरूर कळवावं. नाही जमला, तर मोर खुशाल घरी न्यावा. तो तुमचाच आहे.