स्टीअरिंगचं कुलूप आणि जावईबापू

कल्याण-अहिल्यानगर महामार्गाने ओतूर सोडून आळेफाट्याकडे निघालं की पिंपरी पेंढार लागतं. इथे रस्त्याकडेला कुणाच्या गाडीचं बॉनेट वर गेलं, की ग्रामसभेला कधी न भरणारा कोरम पाच मिनिटांत भरतो. अडचण एवढीच, की बिघाड बॉनेटखाली असावा लागतो. स्टीअरिंग लॉकचा बिघाड नेमका तिथे नसतो. तो असतो डॅशबोर्डखाली, स्टीअरिंगच्या दांड्यापाशी, आणि त्याची वर्दी देतो एक दिवा: स्टीअरिंगचं चाक आणि त्याला खेटून चिमुकलं कुलूप.

श्रावणातला सोमवार धरा. ओतूरच्या कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी बघायला जायचं, म्हणून मुंबईचे जावईबापू आदल्या रात्रीच माळशेज चढून सासुरवाडीला आलेले. गाडी नवी, बटणावर चालू होणारी, हप्ते चालू असलेली. अंगणात टोमॅटोच्या क्रेटची थप्पी, म्हणून जागा नाही. रस्त्यावर लावून उसाच्या कडेने चालत यावं, तर तीही सोय नाही. बिबट्याच्या हल्ल्यात या गावातली माणसं दगावली आहेत, रात्री पाणी धरायला जाणाराही बॅटरी आणि काठी घेऊन, सोबत बघून निघतो. तेव्हा दाराशी जितकी जवळ तितकी बरी, या हिशेबाने गाडी बांधाच्या उतारावर चढवली, चाक वळवून दगडाला टेकवली आणि मंडळी पिठलं-भाकरीकडे वळली.

सकाळी सगळे धुतल्या कपड्यांत गाडीत बसले. बटण दाबलं. आतून ‘टक’ असा आवाज आला आणि दिवा लागला. पुन्हा दाबलं. पुन्हा टक. आळ्याला ज्या रेड्याची समाधी आहे, त्याने माउलींनी डोक्यावर हात ठेवताच वेद म्हटले म्हणतात. इथे सासूबाईंनी डॅशबोर्डवरून हात फिरवला तरी गाडी ‘टक’च्या पुढे जाईना.

“दाजी, धक्का मारू का?” धाकट्या मेहुण्याने बाह्या सरसावल्या. हा उपाय जीपच्या जमान्यातला. स्टीअरिंग लॉक असलेली गाडी ढकलली, तर ती चाकांचं तोंड असेल तिकडेच जाते, आणि या गाडीच्या चाकांचं तोंड विहिरीकडे होतं.

दुसऱ्याने काच पुसून दिवा नीट पाहिला आणि पॉवर स्टीअरिंग गेल्याचं जाहीर केलं. ही गल्लत पुष्कळांची होते. स्टीअरिंगच्या चाकाशेजारी उद्गारचिन्ह असेल तर तो पॉवर स्टीअरिंगचा दिवा. कुलूप असेल तर लॉकचा. दोन्हींचा खुलासा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो. ते पुस्तक विम्याच्या कागदांखाली, प्लास्टिकची पिशवीही न फोडता, सुखरूप होतं.

तिसरा सिद्धांत खास जुन्नर तालुक्याचा. “खोडदच्या दुर्बिणीनं सिग्नल खाल्ला असंल.” खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: एकूण ३० डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, चौदा मधोमध आणि बाकीच्या आसपासच्या शिवारांत पांगलेल्या. पण ही दुर्बीण नुसतं ऐकते, स्वतः काही बोलत नाही. चारचौघांत हा स्वभाव दुर्मिळच. अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपताना तिला त्रास होतो तो माणसांच्या यंत्रांचा. तक्रार करायचीच, तर खोडदच्या शास्त्रज्ञांनी जावईबापूंच्या किल्लीविरुद्ध करावी.

हे कुलूप मुळात चोरांसाठी. पश्चिम जर्मनीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते जुन्या-नव्या सगळ्याच मोटारींना सक्तीचं झालं आणि चोऱ्या एकदम घटल्या. अमेरिकेत १९७० पासून नव्या मोटारींना ते आलं. ब्रिटनने १९७१ मध्ये फक्त नव्या गाड्यांना सक्ती केली. तिथल्या चोरांनी वाद घातला नाही. त्यांनी मुकाट्याने जुन्या गाड्यांकडे मोर्चा वळवला.

जुन्या पद्धतीत किल्ली काढली की स्प्रिंगच्या जोराने एक पोलादी खिट्टी स्टीअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत बसते. बटणाच्या गाड्यांत हेच काम छोटी मोटर करते, पण संगणकाने हुकूम दिल्यावर. त्याआधी गाडी खिशातल्या किल्लीला रेडिओ लहरींवरून हाक मारते, किल्ली ओ देते, ओळख पटते आणि खिट्टी मागे सरते. या साखळीत कुठेही खोट आली की दिवा. बहुतेक गाड्यांत पिवळा म्हणजे ‘काहीतरी बिनसलंय, लवकर दाखवून घ्या’, आणि लाल म्हणजे ‘कुलूप सुटलेलं नाही, उतरून घ्या’.

जावईबापूंचा लाल होता.

त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिथल्या ताईंनी आधी जवळची खूण विचारली. “आळेफाटा,” जावईबापू म्हणाले. “फाटा, ओके. सर, पुढचं गाव?” एवढ्यात रेंज गेली.

सासरे इतका वेळ ओट्यावर तंबाखू मळत होते. त्यांच्या ट्रॅक्टरला स्टीअरिंग लॉक नाही. एका ट्रॅक्टरची किल्ली शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरलाही लागते, हे तर गावोगाव उघड गुपित. ते उठले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पुढच्या चाकापाशी वाकले. “पाव्हणं, चाक दगडावर रेटलंय. खिट्टीवर ताण आलाय. तिला मागं सरायला जागा कुठंय?”

खरं तेवढंच होतं. उतारावर गाडीचं वजन चाकावर, चाक दगडावर, आणि तो पीळ दांड्यातून थेट खिट्टीवर. ती खाचेच्या भिंतीला दाबून बसते आणि मोटरीत तिला ओढायचा दम नसतो. अशा वेळी स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवून बघायचं. एका बाजूला ते जराही हलत नाही, दुसऱ्या बाजूला किंचित लवतं. लवतं त्या बाजूला धरून ठेवायचं, ब्रेक दाबायचा आणि मग बटण. किल्लीच्या गाडीतही युक्ती हीच, फक्त बटणाऐवजी किल्ली फिरवायची. रेटारेटी केली तर खिट्टी सुटत नाही आणि खर्च सुटतो.

एवढ्यानेही काम झालं नाही तर दोन संशयित उरतात. पहिली गाडीची मोठी बॅटरी: बरेच दिवस गाडी उभी राहिली की ती उतरते आणि मोटरीला जोर मिळत नाही. दुसरा किल्लीतला बटणसेल. पुष्कळ किल्ल्यांत सीआर २०३२ असतो. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून २०३२. लाखांची गाडी अडवणारा हा ऐवज घड्याळवाल्याच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो. तोवर किल्लीच स्टार्टच्या बटणाला टेकवून धरली, तरी बऱ्याच गाड्या तिला ओळखतात.

मेहुण्याने डावीकडे दाबून धरलं, जावईबापूंनी बटण दाबलं, दिवा विझला, इंजिन सुरू झालं. धक्कावाले म्हणाले, आपण मघाशी हलवली म्हणून ढिली झाली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त डॅशबोर्डला नमस्कार केला.

“पण घाटात चालता चालता लॉक पडलं असतं तर?” बायकोने विचारलं. पडत नाही. बटणाच्या गाडीत चालताना खिट्टी बसू नये अशी तजवीज केलेली असते. किल्लीच्या गाडीत किल्ली बाहेर काढल्याशिवाय ती बसत नाही. म्हणूनच डिझेल वाचवायला माळशेजच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची जुनी खोड जिवावर बेतणारी. इंजिनबरोबर ब्रेकचा आणि स्टीअरिंगचा आधार जातो, आणि चुकून किल्ली निघाली तर वळण समोर आणि स्टीअरिंग जाम.

हे सगळं पटूनही जावईबापूंनी दिवसभर इंजिन बंद केलं नाही. ओतूरला मंडळी पिंडी बघून आली, हे गाडीतच बसून राहिले. प्रसाद खिडकीतून आला, चहाही खिडकीतून आला. संध्याकाळी इंधनाचा काटा तळाला टेकला तेव्हा गाडी आळेफाट्याच्या पंपावर गेली. पंपावरच्या पोराने नळी हातात घेतली, पाटीकडे बोट केलं आणि म्हणाला,

“साहेब, इंजिन बंद करा.”

जावईबापूंनी मागे वळून सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे खाली उतरून चाकाखाली दगड आहे का ते बघू लागले.