जागच्या जागी

आषाढ लागला, पुण्यातील रस्त्यांच्या खड्ड्यांनी जलाशयाचा दर्जा संपादन केला आणि बोरघाट धुक्यात गडप झाला की, मुंबई–पुणे शर्यतीची स्वप्ने पाहणाऱ्या सायकलस्वाराने करावे तरी काय, या प्रश्नावर रोलर नामक यंत्राचा तोडगा सांगितला जातो. लोखंडी चौकटीत आडवे बसवलेले तीन दंडगोल, पैकी मागील दोहोंवर मागचे चाक, पुढील एकावर पुढचे, आणि मागची गती पुढे पोहोचती करणारा एक पट्टा, एवढाच याचा सरंजाम. सायकल कोठेही जखडलेली नसते. पॅडल थांबले की तोल गेलाच म्हणून समजावे.

रस्त्यावर ज्या वाऱ्याच्या नावाने आपण सदैव तक्रारी गुदरतो, तोच आजवर बिनपगारी घाम वाळवीत होता, हे ज्ञान प्रथम येथे होते. नाकाच्या शेंड्यावर थेंब जमतो, लोंबतो, आणि तो पुसण्यास हात सोडण्याची मुभा नवशिक्यास नसल्यामुळे आपल्या सवडीने गळतो. अशा समाधिस्थ क्षणी स्वयंपाकघरातून फर्मान सुटते, "अहो, गॅसवाला आलाय, जरा दार उघडता का?" मान वळते, मानेमागून खांदे वळतात, खांद्यांमागून हॅंडल, आणि स्वार जमीनदोस्त होतो. सायकल भिंत फोडून शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात शिरेल ही भीती मात्र निराधार आहे. वेग सारा चाकांत, स्वाराच्या वाट्यास त्यातला छदामही नाही, म्हणून तो मुकाट्याने बाजूस कलंडतो.

इंग्लंडात एके काळी नाट्यगृहांच्या रंगमंचावर रोलरच्या शर्यती लावीत आणि कोण किती अंतर तोडतो हे भल्यामोठ्या तबकडीवरील काटे दाखवीत. तिकीट काढून लोकांनी हे न हलणारे स्वार पाहावेत, याचे कोणास हसू येईल. परंतु संगीत नाटकात एकाच जागी उभे राहून गाणाऱ्या नायकाला पहाटेपर्यंत 'वन्समोअर' देणाऱ्यांच्या वंशजांनी तरी हसू नये.

तथापि निकाल द्यावयाचाच तर तो रोलरच्या बाजूने द्यावा लागेल. बैठकीतला डळमळीतपणा आणि पायांतली विषमता रस्ता पोटात घालतो. रोलर तत्काळ जाहीर करतो. सबब इच्छुकांनी यंत्र दाराच्या चौकटीत मांडावे, म्हणजे दोन्ही हातांस आधार राहतो. नजर चाकावर न ठेवता समोर ठेवावी. आणि गॅसवाल्यास दुपारची वेळ द्यावी.