डॅशबोर्डातला वाटाड्या घरच्या घरी बदलणे

चारचाकीच्या डॅशबोर्डात कंपनीनेच बसवून दिलेला, नकाशा दाखवणारा आणि वळणे बोलून सांगणारा पडदा म्हणजे नेव्हिगेशन युनिट. कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी या पट्ट्यात त्याला सरसकट टेप म्हणतात. तो बदलावा लागण्याची कारणे तीन : यंत्र बिघडणे, नकाशा शिळा होणे आणि मेव्हण्याच्या गाडीत 9 इंची पडदा दिसणे. पहिल्या दोन कारणांनी टेप बदलल्याची उदाहरणे तुरळक आहेत.

शिळ्या नकाशाचा विचार तरीही करायला हवा. जुन्या युनिटमध्ये नकाशा मेमरी कार्डावर भरलेला असतो. कार्ड भरल्यानंतर झालेला रस्ता त्याच्या हिशेबी झालेलाच नसतो. गाडी नव्या डांबरावरून धावते आणि पडद्यावरचा बाण उसाच्या फडातून पळतो. काळाचाही घोळ होतो. जीपीएसच्या जुन्या संदेशपद्धतीत आठवड्याचा क्रमांक 0 ते 1023 एवढाच मोजला जातो, मग पुन्हा शून्य. ऑगस्ट 1999 मध्ये आणि एप्रिल 2019 मध्ये असे शून्य आले, आणि सुधारणा न केलेले काही संच सुमारे वीस वर्षे मागे गेले. वाहनकर्जाचे हप्ते मात्र चालू तारखेनेच कापले जातात.

पुण्या-मुंबईहून आणलेल्या जुन्या गाडीचा प्रकार वेगळा. तिच्या टेपात आधीच्या मालकाचे घर साठवलेले असते. नवा मालक कुंडलच्या दारात गाडीची पूजा करत असला, तरी टेपच्या मते घर कोथरूडलाच असते, आणि नारळ फुटत असतानाच आतली बाई हिंदीतून यू-टर्न घ्यायला सांगते. शिवाय रोमन अक्षरांत एक ‘एन’ गळला, की कुंडलऐवजी कुडाळ निघते. तेही एक नाही, एक जावळी तालुक्यातले आणि दुसरे सिंधुदुर्गातले. वऱ्हाड दुसऱ्या कुडाळात पोचल्यास केवळ टेप बदलणे हा पुरेसा उपाय ठरत नाही.

काम सावलीत, सपाट जागी आणि शक्यतो घराच्या मागल्या अंगाला करावे. दर्शनी भागात केल्यास माणसे जमतात, आणि इथली माणसे जाणकार असतात. 1910 मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने, तेव्हाच्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला. हातात पाना धरून आयुष्य काढलेल्यांच्या पिढ्याच मग या भागात झाल्या. परिणामी दुसरा स्क्रू सैल होण्याच्या आत एखादे निवृत्त फिटर-आण्णा हजर होतात. सगळी हयात पंपांत गेल्यामुळे त्यांचा पहिला संशय फूटव्हॉल्व्हवर असतो. त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा, स्क्रू ड्रायव्हर देऊ नये. मात्र ते म्हणतात ते ऐकावे. “उगं वढू नगा, आदी बगा कुटं अडकलंय,” हे त्यांचे वाक्य या विषयावरच्या कोणत्याही पुस्तिकेत छापण्याच्या लायकीचे आहे.

साहित्य थोडेच लागते : 10 नंबरचा पाना, स्टार स्क्रू ड्रायव्हर, पॅनेल उचकटायची प्लास्टिकची पट्टी, इन्सुलेशन टेप, स्क्रू ठेवायला वाटी आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायला मोबाइल. पट्टीऐवजी घरातले उलथणे घेऊ नये. त्याने डॅशबोर्डवर ओरखडे उठतात आणि संध्याकाळी भाकरीच्या वेळी त्याची चौकशी होते.

प्रथम बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. पॉझिटिव्ह आधी काढताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर ठिणगी पडते. तार काढल्यावर काही मिनिटे थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत वीज थोडा वेळ साठून राहते. हा वेळ पुस्तिका शोधण्यात घालवता येतो. काही गाड्यांत बॅटरी पुन्हा जोडल्यावर जुना टेप गुप्त क्रमांक मागतो. नवा संच जमला नाही आणि जुनाच परत बसवायची वेळ आली, तर तो क्रमांक हाताशी हवा. पुस्तिका डाव्या कप्प्यात, पीयूसी आणि मागच्या हंगामातल्या लग्नपत्रिकांच्या खाली असते.

पडद्याभोवतीचे पॅनेल बहुधा क्लिपांवर बसलेले असते. पट्टी फटीत घालून एकेक क्लिप सोडवावी आणि पॅनेल सरळ आपल्याकडे ओढावे. क्लिप सुटल्याचा आणि तुटल्याचा आवाज सारखाच असतो. कोणता होता हे बसवताना कळते. एसीच्या झडपा आणि धोक्याच्या दिव्यांचे बटण याच पॅनेलवर असल्यास मागचा कपलर खटका दाबून काढावा, तार धरून ओढू नये. आतले चार स्क्रू काढले की युनिट बाहेर येते. चारांपैकी एक डॅशबोर्डच्या पोटात पडतो. त्यासाठी काठीला लोहचुंबक बांधून ठेवावा.

खरी कसोटी तारांची. बाजारात मिळणाऱ्या संचांत पिवळी तार म्हणजे कायमचा 12 व्होल्टचा पुरवठा, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर मिळणारा, आणि काळी अर्थिंगची. स्पीकरच्या जोड्या पांढऱ्या, करड्या, हिरव्या आणि जांभळ्या. प्रत्येकीची काळ्या रेघेची जोडीदारीण निगेटिव्ह. कंपनीच्या मूळ तारा हे रंग पाळतीलच असे नाही. म्हणून तारा कापून पिळण्यापेक्षा त्या मॉडेलचा कपलर विकत घेणे शहाणपणाचे, वॉरंटीच्या दृष्टीनेही. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाल्यास चावी काढताच टेप सगळे विसरतो आणि रोज सकाळी त्याला घर, आवाज आणि आवडते स्टेशन नव्याने शिकवावे लागते.

हँडब्रेकची एक वेगळी तार असते. ती नीट जोडली तर गाडी चालू असताना पडद्यावर व्हिडिओ दिसत नाही. ती सरळ अर्थला चिकटवून टाकावी, हा सल्ला न मागता मिळतो. तो पाळू नये. गळीत हंगामात रात्री ताकारीच्या रस्त्याला ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, दुसरीला दिवा असेलच असे नाही, आणि त्या वेळी चालकाने सिनेमाचा शेवट पाहत असणे इष्ट नाही.

नवा संच घेताना माप पाहावे. जुन्या पद्धतीचा दुहेरी खण साधारण 180 बाय 100 मिलिमीटरचा असतो. मोठ्या पडद्याला त्या गाडीची वेगळी फ्रेम लागते. मेव्हण्याचा आकार आधी ठरवून मग खण मोजणारे फसतात.

जीपीएसची अँटेना काडेपेटीएवढी चपटी डबी असते. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या निदान चार उपग्रहांचा संदेश तिला मिळावा लागतो : तिघांवरून जागा, चौथ्यावरून वेळेची दुरुस्ती. म्हणून ती काचेजवळ, तोंड आभाळाकडे करून बसवावी. नेमक्या त्याच जागी ज्योतिबा किंवा गणपती असतो. मूर्ती प्लास्टिकची असेल तर हरकत नाही, धातूची असेल तर अडथळा येतो. वाद झाल्यास अँटेना सरकवावी.

पॅनेल दाबून बसवण्याआधी बॅटरी जोडून सगळे तपासावे : चारही स्पीकर, मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणे. नंतर घराचे ठिकाण भरून चाचणीची फेरी मारावी. हा टप्पा कुंडलमध्ये लवकर उरकतो, कारण गावातल्या कोणालाच वाट विचारायची नसते. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून खजिना नेणारी, इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या तुफान सेनेची माणसे सरकारी पोलिसांना चुकवत याच मुलखात वावरली, तीही वळणावळणाला कोणी बोलून सांगत नसताना. टेपचा उपयोग पाहुण्यांना. झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथाच्या डोंगरावर निघालेले यात्रेकरू तो लावून येतात आणि गावात शिरल्यावर काच खाली करून विचारतात. पावसाळ्यात तर विचारावेच. कृष्णेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि पडद्यावर तोच सर्वांत जवळचा रस्ता असतो. अशा वेळी काठावर हात आडवा करून उभ्या असलेल्या माणसाचे मत अंतिम मानावे.

काढलेल्या युनिटमधून आधी फोन क्रमांक आणि पत्ते पुसावेत. नियमाने ते ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यायचे असते. व्यवहारात ते माळ्यावर जाते आणि खंडेनवमीला पाने-पकडींबरोबर हळदकुंकू लावायला खाली येते. वाटीत एखादा स्क्रू उरल्यास टाकू नये. पॅनेल खडखडायला लागल्यावर तो कुठला होता ते समजते.