शिव शिव, कॉफी दाबतात म्हणे!

ऐकलंत का? समोरच्या बिल्डिंगमधल्या त्या आयटीवाल्यानं एस्प्रेसोचं मशीन आणलंय. आणलं तर आणलं, हल्ली कोण आणत नाही! पण या मशीनला पंप नाही, वायर नाही, बटण नाही. पाणी गॅसवर उकळायचं, वरून ओतायचं आणि दोन्ही हातांनी दांडे खाली दाबत बसायचं. पाच आकडी रक्कम मोजायची आणि हमालीही आपणच करायची! बरं, तो एकटा नाही. त्याच्या ऑफिसातलं अख्खं टोळकं नादावलंय. लग्न, फ्लॅट, इन्क्रिमेंट सगळं बाजूला. ‘रोबोट घ्यावा की फ्लेअर’ एवढंच चाललेलं असतं.

रोबोट कॅफेलॅट कंपनीचा, दोन हातांचा धातूचा बाहुला. फ्लेअरला एकच लांब दांडा. आणि दाबणं म्हणजे काय चेष्टा वाटली? एस्प्रेसोला साधारण ९ बार दाब लागतो. ५८ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर त्याचा हिशेब केला तर जवळपास २४० किलोचा भार होतो. तरफेची कृपा म्हणून निभावतं, नाहीतर शेजाऱ्यांना हाका माराव्या लागल्या असत्या.

त्यातून लहान फ्लेअरचे लाड बघा. त्याचं भांडं आधी उकळत्या पाण्यानं तापवायचं. नरकचतुर्दशी नसताना रोज मशीनला अभ्यंगस्नान! रोबोटला ही थेरं लागत नाहीत. मोठ्या फ्लेअर ५८ ला तापवायला वीज आहे. म्हणजे वायर नको म्हणून निघालेले पुन्हा प्लगपाशीच.

ला पावोनी कंपनीचं तर नावच काढू नका. तिची दांड्याच्या मशीनवाली युरोपिकोला १९६१ पासून लोकांना झुलवतेय. दिसते मात्र देखणी, नाही म्हणणार नाही. दोन-तीन कप झाले की डोकं तापतं आणि कॉफी करपट लागते. मग तिला ओलं फडकं गुंडाळणारेही आहेत. बॉयलरमध्ये दाब असताना झाकण उघडलं तर हात भाजलाच म्हणून समजा. नवशिक्यानं लांबूनच नमस्कार करावा.

तसा हा चाळा आजचा नाही. मिलानच्या अकिले गाज्जा यांनी १९४८ च्या सुमारास दांड्याचं, स्प्रिंगचं मशीन बाजारात आणलं. त्याआधीची मशीनं वाफेवर जेमतेम दीड बारपर्यंत पोचायची. नव्या दाबानं कॉफीवर सोनेरी फेस आला, तर गिऱ्हाईकं म्हणे संशयानं बघायला लागली, की हा मळ कसला तरंगतोय! आता तोच फेस नाही आला तर ही मुलं सुतक पाळतात.

पण खरं लफडं मशीनचं नाहीच, ग्राइंडरचं आहे. घरच्या मिक्सरमध्ये दळली की अर्धी पूड नि अर्धे कण. पाणी सोपी वाट शोधतं आणि कप आंबट तरी होतो नाहीतर कडू, कधी दोन्ही. म्हणून हातानं फिरवायचा वेगळा ग्राइंडर, तोही महागडा. वर सोनारासारखा काटा. १८ ग्रॅम पूड घालायची, ३६ ग्रॅम कॉफी काढायची, तीही २५ ते ३० सेकंदांत. दळण्याआधी बियांवर पाण्याचा फवारा, म्हणजे पूड उडत नाही. दळल्यावर बारीक सुयांनी ढवळून गुठळ्या मोडायच्या. मी आपली नुसती बघायला गेले होते हो. प्यायलेही, दोनदा. चांगली होती, हे त्या आयटीवाल्याला सांगायचं नाही.

आणि एवढं करून दूध फेसाळायला रोबोटला वाफ नाही, फ्लेअरलाही नाही. त्या आयटीवाल्याची आई चहाच पिते.

तरी कुणाला घ्यायचंच असेल तर पहिल्यांदा रोबोट घ्यावा. त्यात चुकायला जागा कमी. हलक्या भाजणीच्या बियांचं वेड असेल तर फ्लेअर ५८ बघा. ग्राइंडरचे पैसे मात्र आधी बाजूला काढा, उरलेल्यात मशीन बसवा. आणि सकाळी घरात चार जणांना दुधाची कॉफी लागत असेल तर यातलं काहीच घेऊ नका, स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर आणा.